मधपेटीत रोग दिसला? औषध शोधण्याआधी या चुका टाळा

पेटी उघडली, चार मेलेल्या अळ्या दिसल्या की लगेच मधमाशीपालकांच्या ग्रुपवर फोटो पडतो आणि खाली प्रश्न, "कुठलं औषध टाकू?" आणि कोणीतरी अँटिबायोटिकचं नाव सांगतं, मग ते साखरेच्या पाकात कालवून सगळ्या पेट्यांना दिलं जातं. कळकळीने सांगतो, असं करू नका. आधी अळी नीट बघा, कारण ती कधी मेली आणि कशी मेली यावरच पुढचं सगळं ठरतं.

सातेरीत (पेटीत पाळली जाणारी आपली देशी मधमाशी) सगळ्यात जास्त नुकसान करतो तो थाई सॅकब्रूड, अळ्यांचा रोग. १९९१-९२ च्या सुमारास दक्षिणेत हा आला आणि केरळ, कर्नाटक, तमिळनाडूतल्या सातेरीच्या पेट्याच्या पेट्या रिकाम्या झाल्या. ओळखायचा कसा? पोळ्यातल्या अळीच्या घराच्या झाकणाला भोक पडलेलं किंवा झाकण निघालेलं असतं, आत अळी पाठीवर लांब पडलेली, डोक्याकडचं टोक होडीसारखं वर आलेलं. चिमट्याने हळूच ओढली तर अख्खी बाहेर येते, पाणी भरलेली पिशवीच जणू, आणि वास जवळपास नसतोच. हा व्हायरस आहे, त्यामुळे अँटिबायोटिकचा शून्य उपयोग, उलट मधात अंश उतरतो आणि तपासणीत मध रिजेक्ट होतो. इथे कामाला येतं ते वेगळंच: जास्त खराब फ्रेम (पोळ्याच्या चौकटी) काढून टाका, राणीला साधारण तीन आठवडे पिंजऱ्यात ठेवा म्हणजे नवीन अंडी पडत नाहीत, असलेली पिल्लं मोठी होऊन घरांतून बाहेर पडतात आणि माश्यांना घरं साफ करायला वेळ मिळतो. आणि पुढच्या राण्या अशाच वसाहतीतून तयार करा जी शेजारी रोग असतानाही टिकली. हे बऱ्याच जणांना हळू वाटतं, पण माझ्या मते सातेरी वाचवायचा खरा रस्ता हाच आहे.

युरोपियन फाउलब्रूड वेगळा, तो जिवाणूमुळे होतो. सातेरीतली त्याची भारतातली पहिली नोंद महाराष्ट्रातलीच आहे, १९७१ ची. यात अळी झाकण बसायच्या आधीच मरते, वाकडीतिकडी वळलेली, पिवळट-तपकिरी, आंबूस वास. बऱ्याचदा उपाशी, कमजोर वसाहतीत जोर धरतो, म्हणून खाणं द्या, माश्यांच्या मानाने जास्त असलेल्या फ्रेम काढा, राणी बदला.

अमेरिकन फाउलब्रूडचा (हाही अळ्यांचा जिवाणूजन्य रोग) संशय आला तर काडीपेटीची काडी घरातल्या मेलेल्या अळीत घाला, फिरवा आणि सावकाश बाहेर ओढा. तपकिरी चिकट तार दोन-तीन सेंटीमीटर लांबत आली तर मग मोह नको, त्या फ्रेम जाळायच्याच, कारण याचे बीजाणू कित्येक दशकं जिवंत राहतात. आणि पक्कं निदान तज्ज्ञाकडून करून घ्या, पुण्याला केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे.

आता एक चूक जी मला सगळ्यात खटकते: कमजोर पेटीला "मदत" म्हणून दुसऱ्या पेटीतली फ्रेम देणं. भावना चांगली, पण आजारी पेटीतून फ्रेम इकडची तिकडे गेली की रोग स्वतःच्या हाताने पसरवला. तसंच हत्यार, हातमोजे न धुता पुढच्या पेटीवर जाणं, आणि बाजारातला मध खायला घालणं, कारण त्यात कुठल्या पेटीचे बीजाणू आहेत कोणाला माहीत. गूळही नको, पोट बिघडतं. पावसाळ्यात फुलोरा नसतो तेव्हा साध्या साखरेचा पाक, संध्याकाळी, पेटीच्या आत, न सांडता, कारण सांडला की दुसऱ्या पेट्यांतल्या माश्यांची लूटमार सुरू आणि लुटायला आलेल्या माश्या रोग घरी घेऊन जातात.

मेलिफेरावाल्यांनी (म्हणजे युरोपियन मधमाशी पाळणाऱ्यांनी) व्हरोआ, म्हणजे माश्यांच्या अंगावरचे बारीक माइट (कोळीवर्गी परजीवी), मोजल्याशिवाय औषध टाकू नये. साधारण तीनशे माश्या, म्हणजे अर्धा कप, जाळीच्या झाकणाच्या बरणीत घ्या (राणी त्यात नाही ना ते आधी बघा!), दोन चमचे पिठीसाखर, हलवा, मिनिटभर थांबा, पांढऱ्या ताटात झाडा. आठ-नऊच्या वर माइट पडले तर उपाय हवाच. त्यासाठी फॉर्मिक ॲसिड वापरणार असाल तर भर उन्हाळ्यात नको, मध भरत असताना नको, हातमोजे-चष्म्याशिवाय तर अजिबात नको.

मेणकिडा (पोळ्याचं मेण खाणारी अळी) आला म्हणून कपाटातल्या डांबरगोळ्या फ्रेममध्ये ठेवणारेही आहेत, तो वास मेणात मुरतो. रिकाम्या फ्रेम डीप फ्रीजरमध्ये दिवसभर ठेवून मग हवाबंद ठेवा, आणि पेटीचा तळ साफ ठेवा, किडा तिथल्या कचऱ्यातच वाढतो.

आणि हो, पेटीसमोर एकाच दिवशी जीभ बाहेर काढून मेलेल्या माश्यांचा ढीग पडला तर तो बहुतेक रोग नसतो, फवारणी असते. तिथे औषध नाही, आजूबाजूच्या शेतकऱ्यांशी बोलणं लागतं, फवारणी संध्याकाळी करा आणि आदल्या दिवशी सांगा म्हणून.

नवीन पेटी विकत घेताना पैसे द्यायच्या आधी मधली ब्रूडची (अंडी-अळ्यांची) फ्रेम काढून उन्हात धरून बघा, आणि घरी आणली तरी महिनाभर बाकीच्यांपासून लांब ठेवा.