स्तनाच्या कर्करोगावरील क्लिनिकल ट्रायलमध्ये सहभागी व्हायचे की नाही, हे कसे ठरवावे

स्तनाच्या कर्करोगाचे निदान होऊन उपचारांची आखणी सुरू असताना काही रुग्णांना ओपीडीत विचारले जाते, "आमच्याकडे एक ट्रायल सुरू आहे, तुम्ही त्यात बसता. भाग घ्याल का?" ट्रायल म्हणजे एखादा उपचार किती सुरक्षित आणि उपयोगी आहे, हे रुग्णांच्या सहभागाने तपासणारा अभ्यास. हातात अनेक पानांचे माहितीपत्रक येते आणि घरात लगेच दोन तट पडतात. एकाला वाटते, आपल्या माणसावर प्रयोग करणार. दुसऱ्याला वाटते, नवे औषध म्हणजे जास्त चांगले औषध आणि तेही फुकट, मग विचार कसला करायचा. या दोन्ही समजुतींवर निर्णय सोडू नये. ट्रायलमध्ये गेले नाही तर मला कोणता उपचार मिळेल आणि गेले तर त्यात नेमका कोणता फरक पडेल, या प्रश्नाचे स्पष्ट उत्तर मिळवणे हे सगळ्यात महत्त्वाचे काम आहे आणि पुढच्या सर्व पायऱ्या त्यासाठीच आहेत.

१. आजाराचा प्रकार कागदावर पाहून घ्यावा

स्तनाचा कर्करोग हा एकच एक आजार नाही. बायोप्सीत, म्हणजे तपासणीसाठी गाठीतून काढलेल्या तुकड्यावर, इस्ट्रोजेन रिसेप्टर, प्रोजेस्टेरॉन रिसेप्टर (हे दोन हार्मोनना प्रतिसाद देणारे घटक) आणि हर-टू (पेशींवरचे एक प्रथिन) अशा तीन तपासण्या होतात. पहिल्या दोन पॉझिटिव्ह असल्यास टॅमॉक्सिफेन किंवा लेट्रोझोलसारख्या हार्मोनच्या गोळ्या उपयोगी पडतात, हर-टू पॉझिटिव्ह असल्यास ट्रास्टुझुमॅबसारखे नेमक्या त्या प्रथिनावर काम करणारे औषध देता येते आणि तिन्ही निगेटिव्ह असल्यास आजाराला ट्रिपल निगेटिव्ह म्हणतात. बहुतेक ट्रायलचे पात्रतेचे निकष या तीन उत्तरांपासून सुरू होतात. त्यानंतर गाठीचा आकार, आजार काखेतील ग्रंथींपर्यंत किंवा शरीरात इतरत्र गेला आहे का, पाळी चालू आहे की बंद झाली आहे आणि आतापर्यंत कोणती केमो झाली, हे पाहिले जाते.

बायोप्सी जिल्ह्याच्या ठिकाणी झाली असेल, तर तिथून नुसता रिपोर्ट आणून भागत नाही. स्लाइड आणि पॅराफिन ब्लॉकही (मेणात जपलेला गाठीचा तुकडा) मागून घ्यावेत, कारण मोठ्या केंद्रात पॅथॉलॉजीची फेरतपासणी त्यांच्यावरच होते. ब्लॉक नसल्यामुळे मुंबईत परळच्या टाटा रुग्णालयात आलेल्या माणसाला परत गावी जावे लागणे हा टाळता येण्यासारखा त्रास आहे.

२. ट्रायलशिवायचा उपचार विचारून ठेवावा

डॉक्टरांना सरळ विचारावे, "ही ट्रायल नसती, तर तुम्ही मला काय दिले असते?" ऑपरेशन आधी की केमो आधी, केमोच्या किती सायकल (ठरावीक अंतराने दिल्या जाणाऱ्या फेऱ्या), रेडिएशन लागेल का, हार्मोनच्या गोळ्या किती वर्षे, हे सारे वहीत लिहून घ्यावे. त्याच्या शेजारी खर्च आणि तो महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत किंवा विम्यात कितपत बसतो, हेही लिहावे. शंका राहिल्यास दुसऱ्या कर्करोगतज्ज्ञाचे मत घ्यावे; त्यात पहिल्या डॉक्टरांचा अपमान नाही.

३. ट्रायलची नोंदणी तपासावी

भारतात चालणाऱ्या ट्रायलची सार्वजनिक नोंदवही म्हणजे क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया, थोडक्यात सीटीआरआय. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या अखत्यारीतील ही नोंदवही जुलै २००७ मध्ये सुरू झाली आणि १५ जून २००९ पासून नोंदणी बंधनकारक झाली. ती कोणालाही संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येते. माहितीपत्रकावर सीटीआरआयचा क्रमांक नसेल तर तो मागावा. मागूनही मिळाला नाही, तर सही करण्याची घाई मुळीच करू नये.

नोंद इंग्रजीत असते, त्यामुळे घरातल्या कोणाला तरी सोबत घेऊन बसावे. सगळे वाचण्याची गरज नाही. रुग्णांची भरती अजून चालू आहे का, पैसा कोणाचा आहे, कोणत्या रुग्णालयांत ट्रायल चालली आहे, तिथल्या नैतिकता समितीने (रुग्णांच्या हक्कांवर आणि सुरक्षेवर लक्ष ठेवणारी समिती) मंजुरी दिली आहे का आणि मुख्य म्हणजे नव्या उपचाराची तुलना कशाशी केली जात आहे, एवढे शोधावे. सर्वसामान्यांच्या शंकांसाठी संपर्क व्यक्तीचे नाव तिथे दिलेले असते. तिला फोन करण्यात संकोच बाळगू नये.

४. ट्रायलचा मूळ प्रश्न समजून घ्यावा

इथे वेळ घालवावा. पहिल्या टप्प्यातील ट्रायल मुख्यतः औषधाचा सुरक्षित डोस शोधते आणि कर्करोगात ती बहुधा इतर उपचार संपलेल्या रुग्णांपुढे ठेवली जाते. दुसऱ्या टप्प्यात औषधाचा परिणाम दिसतो का, हे पाहतात. तिसऱ्या टप्प्यात शेकडो किंवा हजारो रुग्णांमध्ये नव्या उपचाराची तुलना प्रचलित उपचाराशी होते आणि चौथा टप्पा औषध बाजारात आल्यानंतरचा असतो. पहिल्या टप्प्यातून स्वतःला फायदा होईल, अशी आशा फार मोठी धरू नये. तिसऱ्या टप्प्याचा हिशेब वेगळा असतो.

तिसऱ्या टप्प्यात कोणाला कोणता उपचार मिळणार, हे डॉक्टर किंवा रुग्ण ठरवत नाहीत, संगणक ठरवतो. याला रँडमायझेशन म्हणतात आणि लोक सगळ्यात जास्त बिचकतात ते यालाच. "म्हणजे माझ्या नशिबात साधा उपचार आला तर?" ही भीती स्वाभाविक आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल सेंटर या कर्करोग केंद्राच्या नेतृत्वाखाली झालेल्या दोन ट्रायल पाहिल्या, तर तिचे उत्तर मिळते.

पहिलीत भारतातील ११ केंद्रांवरच्या सुमारे १६०० स्त्रिया होत्या. निम्म्यांना ऑपरेशन टेबलावर, गाठ काढण्याच्या सात ते दहा मिनिटे आधी, गाठीच्या सर्व बाजूंनी लिग्नोकेनचे ०.५ टक्के द्रावण टोचले गेले. दात काढताना हिरडी बधिर करायला वापरतात तेच हे स्वस्त औषध. उरलेल्या स्त्रियांचे ऑपरेशन नेहमीप्रमाणे झाले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालांनुसार, इंजेक्शन न घेतलेल्या गटात पाच वर्षांनी ८६.४ टक्के स्त्रिया हयात होत्या, तर इंजेक्शन घेतलेल्या गटात ९०.१ टक्के. ज्यांना इंजेक्शन मिळाले नाही, त्यांना त्या काळचा पूर्ण उपचार मिळाला होता. कोणीही उपचारावाचून राहिले नव्हते.

दुसरी ट्रायल शरीरात आधीच पसरलेल्या आजाराची होती. गाठ काढून टाकली तर आजार आटोक्यात राहील, असे घरच्यांनाच काय, अनेक शल्यचिकित्सकांनाही वाटत असे. केमोला प्रतिसाद दिलेल्या ३५० स्त्रियांची विभागणी झाली. एका गटात स्तनावर ऑपरेशन आणि रेडिएशन झाले, दुसऱ्यात झाले नाही. २०१५ मध्ये जाहीर झालेल्या निकालात ऑपरेशनच्या गटातील आयुर्मानाची मध्यगा (निम्म्या स्त्रिया ज्याहून जास्त जगल्या तो काळ) १९.२ महिने होती आणि ऑपरेशन न झालेल्या गटाची २०.५ महिने, म्हणजे ऑपरेशनने आयुष्य वाढले नाही. जास्त उपचार म्हणजे चांगला उपचार, ही समजूत इथे टिकली नाही.

अमेरिकेत १९९० च्या दशकात हीच समजूत महागात पडली. अतिशय तीव्र केमो आणि नंतर मूळ पेशींचे (रक्त तयार करणाऱ्या पेशींचे) प्रत्यारोपण, असा जीवघेणा उपचार हजारो स्त्रियांनी ट्रायलच्या बाहेर घेतला. १९९९ मध्ये ट्रायलचे निकाल आले तेव्हा बहुतेकांत फायदा दिसला नाही आणि फायदा दाखवणाऱ्या दक्षिण आफ्रिकेतील संशोधकाने पुढच्याच वर्षी गैरप्रकाराची कबुली दिली. उलट, लहान गाठीसाठी संपूर्ण स्तन काढण्याची गरज नसते, हे आज आपण खात्रीने म्हणतो ते अमेरिकेत १९७६ मध्ये सुरू झालेल्या आणि वीस वर्षे पाठपुरावा केलेल्या ट्रायलमुळे. त्यातील १८५१ स्त्रियांची विभागणी झाली नसती, तर ती खात्री आली नसती.

प्लासिबोबद्दल, म्हणजे औषधासारख्याच दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या गोळी किंवा इंजेक्शनबद्दल, जरूर विचारावे. परिणामकारक उपचार उपलब्ध असेल तेव्हा प्लासिबो बहुधा त्या उपचाराच्या जोडीला दिले जाते, त्याच्या जागी नव्हे. माहितीपत्रकात ते तसेच लिहिले आहे का, हे शब्दशः वाचावे.

५. संमतीपत्र घरी नेऊन वाचावे

माहितीपत्रक रुग्णाला समजणाऱ्या भाषेत, म्हणजे आपल्याकडे मराठीत, मिळाले पाहिजे आणि सही केलेली प्रत आपल्याकडे राहिली पाहिजे. ते घरी नेऊन, पेन्सिलीने खुणा करत वाचावे. रुग्णाला वाचता येत नसेल, तर ट्रायलशी संबंध नसलेल्या साक्षीदारासमोर ते पूर्ण वाचून दाखवावे लागते. "पर्यायी उपचार", "संभाव्य धोके", "नुकसानभरपाई" आणि "माघार घेण्याचा अधिकार" हे परिच्छेद दोनदा वाचावेत.

२०१९ च्या नवीन औषधे व क्लिनिकल ट्रायल नियमांनुसार, अशा ट्रायलमध्ये इजा झाल्यास वैद्यकीय उपचार मोफत द्यावे लागतात आणि ट्रायलमुळे मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास भरपाई द्यावी लागते. मंजुरी देणाऱ्या नैतिकता समितीत डॉक्टरांखेरीज कायद्याचा जाणकार आणि एक सामान्य नागरिकही असावा लागतो. तिच्याशी संपर्क कसा साधायचा, हे कागदावर असते आणि तक्रार थेट तिथे करता येते.

आपल्याकडे अनेक घरांत "बाईला काही सांगू नका" असे ठरते आणि सही मुलगा किंवा नवरा करायला निघतो. हेतू मायेचा असला तरी हे चुकीचे आहे. शरीर तिचे आहे, सुया तिला टोचल्या जाणार आहेत आणि संमती तिचीच हवी. तिला आजाराचे नाव, उपचार आणि नकार देण्याची मोकळीक, हे तिन्ही माहीत असल्याशिवाय त्या सहीला संमती म्हणता येत नाही.

६. पैसे आणि प्रवास यांचा हिशेब मांडावा

ट्रायलचे औषध सहसा मोफत असते, पण नेहमीच्या केमोचा आणि तपासण्यांचा खर्च कोण देणार, जादा सीटी स्कॅन कोणाच्या खात्यावर, येण्याजाण्याचे भाडे मिळते का, हे एकेक करून विचारावे. यवतमाळ किंवा नांदेडहून मुंबईला दर तीन आठवड्यांनी येणाऱ्या कुटुंबाची सोबत्याची बुडालेली मजुरी कोणत्याही माहितीपत्रकात लिहिलेली नसते. मुक्कामासाठी दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेसारखी सोय आहे. तिची चौकशी रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात आधीच करावी. ट्रायल संपल्यावर औषध लागू पडत असेल तर ते पुढे मिळत राहील का, हाही प्रश्न त्याच दिवशी विचारावा.

७. होकार दिल्यानंतर

रोज काय त्रास झाला, कोणती गोळी चुकली, याची तारीखवार नोंद ठेवावी. घरचा काढा, आयुर्वेदिक किंवा होमिओपॅथिक औषध घेत असाल तर ते लपवू नये. डॉक्टर रागावतील म्हणून गप्प राहिल्यास, यकृतावर परिणाम झाला तर तो कशामुळे झाला, हेच कळत नाही. केमो चालू असताना ताप १००.४ अंश फॅरनहाइट किंवा जास्त झाला, तर तापाची गोळी देऊन सकाळची वाट पाहू नये. रात्री असला तरी रुग्णालय गाठावे आणि संशोधन समन्वयकाला (ट्रायलमधील रुग्णांशी संपर्क ठेवणारा कर्मचारी) फोन करावा. पांढऱ्या पेशी कमी असताना संसर्ग काही तासांत गंभीर होतो.

मध्येच थांबावेसे वाटल्यास कारण न देताही थांबता येते आणि त्यामुळे नेहमीचा उपचार नाकारता येत नाही. मात्र औषध घरच्या घरी बंद करू नये. तसे डॉक्टरांना सांगून, औषध सुरक्षितपणे कसे थांबवायचे ते ठरवावे आणि पाठपुराव्याच्या तपासण्यांना येत राहायचे की नाही, तेही स्पष्ट करावे.

ट्रायलचे निकाल यायला अनेक वर्षे लागतात आणि तोवर रुग्णाचा पत्ता, फोन बदललेला असतो. म्हणून शेवटच्या भेटीत समन्वयकाकडे नवा क्रमांक नोंदवावा, सीटीआरआयचा क्रमांक स्वतःच्या फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा आणि निकाल प्रसिद्ध झाल्यावर मराठीत कळवा, असे लेखी मागावे.