18 वर्षांनंतरचं कायदेशीर पालकत्व: अर्ज कुठे अडतो आणि नंतर काय करायचं

मूल 18 वर्षांचं झालं की आई-वडिलांचं नैसर्गिक पालकत्व संपतं. बौद्धिक दिव्यांग मुलांनाही हेच लागू आहे, आणि बऱ्याच घरांना ते बँकेच्या काउंटरवर किंवा कुटुंब निवृत्तिवेतनाचे कागद भरताना पहिल्यांदा कळतं. आई-वडील दोघंही हिंडते-फिरते असतानाच कायदेशीर पालकत्वासाठी अर्ज करून टाका. नंतर तेच काम भावंडांवर येतं, आणि आधी आपसांतली संमती गोळा करावी लागते.

अर्ज राष्ट्रीय न्यास कायदा, 1999 च्या कलम 14 खाली होतो. हा कायदा ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुदिव्यांगत्व यांच्यासाठी आहे. फक्त मानसिक आजार असेल तर अर्ज इथे टिकत नाही. म्हणून दिव्यांगत्व प्रमाणपत्रावर निदान काय लिहिलंय ते आधी नीट वाचा.

निर्णय जिल्ह्याची स्थानिक स्तर समिती देते: जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती. बैठक तीन महिन्यांतून किमान एकदा. त्यामुळे एक कागद कमी पडला की अर्ज पुढच्या बैठकीवर जातो. फॉर्म ए सोबत दिव्यांगत्व प्रमाणपत्र किंवा यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र), वयाचा पुरावा, पाल्य (ज्याच्यासाठी पालक नेमायचा ती व्यक्ती) आणि होणारा पालक या दोघांचे ओळख व पत्त्याचे पुरावे, फोटो, आई-वडील हयात नसतील तर मृत्यूचे दाखले, आणि शक्यतो भावंडांची लेखी नाहरकत जोडा.

पालक भारतीय नागरिक हवा; गुन्ह्यात शिक्षा झालेली नको, दिवाळखोर नको, स्वतःच्या पोटापाण्यासाठी दुसऱ्यावर अवलंबून नको. पाल्य मुलगी किंवा स्त्री असेल तर एकट्या पुरुषाला पालकत्व मिळत नाही. नवरा-बायको सहपालक होतात आणि त्यांत मुख्य पालक बायको असते. बहिणीसाठी अविवाहित भावाचं एकट्याचं नाव लावलेले अर्ज इथेच परत येतात.

सगळ्यांत जास्त वेळ ‘पालकत्व कशासाठी’ या मुद्द्यावर द्या. पालकाची गरज आहे का आणि नेमकी कोणत्या कामांसाठी, हे समितीला ठरवावंच लागतं. ‘सर्व बाबींसाठी’ असं मोघम लिहू नका. ‘निवृत्तिवेतनाचं खातं चालवणं, शस्त्रक्रियेला संमती देणं, निवासी संस्थेत प्रवेश घेणं’ असं लिहा. पाल्य स्वतः बसने कार्यशाळेत जात असेल, हातखर्चाचे पैसे सांभाळत असेल, तर तेही लिहा. जे त्याला जमतं ते त्याच्याच हातात राहायला हवं, यात आम्हाला तडजोड मान्य नाही.

प्रमाणपत्र मिळालं तरी बँक कधीकधी कोर्टाचा आदेश मागते. स्थानिक स्तर समितीचं प्रमाणपत्र ग्राह्य धरावं, असं रिझर्व्ह बँकेने 2007 मध्येच बँकांना कळवलेलं आहे. शाखेत त्या परिपत्रकाची प्रत घेऊन जा.

नेमणुकीनंतर सहा महिन्यांत पाल्याची मालमत्ता, येणी आणि देणी यांची यादी समितीला फॉर्म सी मध्ये द्यायची. पुढे दरवर्षी 31 मार्चनंतर तीन महिन्यांत, म्हणजे 30 जूनपर्यंत, जमाखर्च फॉर्म डी मध्ये. लोक चुकतात ते इथे, कारण पाल्याचे पैसे घरखर्चाच्या खात्यात मिसळलेले असतात. खातं त्याच्या नावाने वेगळं ठेवा. औषधं, फिजिओथेरपी, केंद्राची फी यांच्या पावत्या महिन्यावार पाकिटात घाला. पालक छळ किंवा हयगय करतो, पैसे खातो असं दिसलं, तर आई-वडील, नातेवाईक किंवा नोंदणीकृत संस्था कलम 17 खाली त्याला काढण्यासाठी याच समितीकडे अर्ज करू शकतात.