उन्हाळी फिल्म शिबिर: रेकॉर्डचं बटण दाबण्याआधी या चुका टाळा

मे महिना आला की नाशकात फिल्म शिबिरं भरतात. तेरा ते सतरा वयाची मुलं, पाच-सहा जणांचे गट, आठ-दहा दिवस आणि शेवटी पालकांसमोर प्रदर्शन. दरवर्षी मुलं नवी असतात, चुका मात्र त्याच. बहुतेक सगळ्या एकाच घाईतून होतात: पहिल्याच दिवशी फोन काढून शूट सुरू करण्याची घाई.

सगळ्यात मोठी चूक आवाजाची. मुलं चित्राची काळजी घेतात आणि आवाज आपोआप येईल असं धरून चालतात. तो येत नाही. माईकचं अंतर दुप्पट झालं की मोकळ्या जागेत आवाज साधारण ६ डेसिबलने पडतो. तोंडापासून एका फुटावरचा माईक आठ फुटांवर गेला तर संवाद १८ डेसिबल खाली जातो, पण रिक्षा, पंखा आणि कुकरची शिट्टी होती तिथेच राहतात. एडिटिंगमध्ये आवाज वाढवला की सगळंच वाढतं.

एका गटाचं काय झालं ते सविस्तर सांगायला हवं, कारण हे फार वेळा होतं. सीन आजी आणि नातवाचा, जागा रामकुंडाजवळच्या पायऱ्या, वेळ संध्याकाळी साडेसहाची. प्रकाश सुरेख होता. फोन ट्रायपॉडवर, दोघांपासून दहा फुटांवर. चार पानांचा संवाद, नऊ टेक, आणि हेडफोन कुणाच्याच कानाला नाही. मध्येच आरती सुरू झाली. एडिटिंगला बसल्यावर कळलं की तिसऱ्या टेकमध्ये घंटा आहे, पाचव्यात लाऊडस्पीकर आणि सातव्यात शांतता. आजीवरून नातवावर कट केला की मागचा आवाज दचकून बदलायचा. मग डबिंग ठरलं. रिकाम्या खोलीत केलेलं डबिंग न्हाणीघरात बोलल्यासारखं घुमलं. शिवाय मुलांनी शूटच्या वेळी वाक्यं मनाने बदलली होती, ती कुणाला आठवेनात, त्यामुळे ओठ जुळेनात. दीड दिवस त्यात गेला. शेवटी जवळचे शॉट काढून टाकले, सगळ्या सीनखाली घाटाचा एकच सलग आवाज टाकला आणि आजीची मोजकी वाक्यं डोक्यावरून गोधडी घेऊन पुन्हा रेकॉर्ड केली. गोधडीखाली आवाज घुमत नाही. डबिंग करावंच लागलं तर हाच उपाय करा.

करायला हवं होतं ते सोपं आहे. दुसरा फोन फ्लाइट मोडवर टाकायचा, त्यात व्हॉइस रेकॉर्डर सुरू करायचा आणि तो बोलणाऱ्याच्या वरच्या खिशात उलटा ठेवायचा. बहुतेक फोनचा मुख्य माईक खालच्या कडेला असतो, उलटा ठेवला की तो तोंडाकडे येतो. कपडा सुती घ्या, नायलॉन घासतो. दोन्ही रेकॉर्डिंग सुरू झाल्यावर कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवा. टाळीचं चित्र आणि ध्वनिलहरीतलं टोक जुळवलं की काम झालं. टेक लांबला तर शेवटी ओठ सरकतात, कारण बरेच फोन फ्रेमचा वेग, म्हणजे सेकंदाला टिपलेल्या चित्रांची संख्या, एकसारखा ठेवत नाहीत. म्हणून टेक दोन मिनिटांच्या आत ठेवा, नाहीतर हँडब्रेक नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल सेकंदाला स्थिर २५ फ्रेमवर आणून मग एडिट करा. शूट संपल्यावर त्याच जागी सगळ्यांना गप्प उभं करून ३० सेकंद नुसता आवाज घ्या. याला रूम टोन म्हणतात. कटमधली भगदाडं यानेच बुजतात. एका मुलाचं काम फक्त हेडफोन लावून ऐकण्याचं असू द्या, आणि ते काम सगळ्यात शांत मुलाला द्या. स्वस्त कॉलर माईक विकत घेऊन हे सगळं टाळता येईल असं वाटतं, पण ऐकणारा कान नसेल तर माईकही वाया जातो.

दुसरी चूक पटकथेची. पटकथेच्या ठरलेल्या मांडणीत लिहिलेलं एक पान म्हणजे साधारण एक मिनिट. नवख्या गटाच्या एका दिवसात दीड-दोन मिनिटांचं नीट काम होतं, तेही सगळी तयारी झाली असेल तर. तरीही बारा पानं लिहून येतात, त्यात तीन लोकेशन, एक अपघात आणि शेवटी ‘ते स्वप्न होतं’. चार पानं, दोन पात्रं, एक जागा पुरे. शूटच्या आदल्या दिवशी प्रत्येक शॉटचं चौकटीत चित्र काढा, काड्यांची माणसं चालतील. कंटाळा करणाऱ्या मुलांना फाळक्यांचा वाटाणा सांगा. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या या माणसाने १९१२ साली, पूर्ण लांबीचा चित्रपट हाती घेण्याआधी, कुंडीत वाटाणा पेरला, रोपाची वाढ दिवसेंदिवस थोडीथोडी फिल्मवर टिपली आणि तो तुकडा दाखवून भांडवल उभं केलं.

उन्हाचं गणितही मुलं चुकवतात. नाशिकचा अक्षांश २०च्या जवळ आहे, त्यामुळे २० मेच्या आसपास दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य बरोबर डोक्यावर येतो. तेव्हा डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात आणि चेहरा कवटीसारखा दिसतो. शूट सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी पाच ते सात करा, दुपार एडिटिंगला ठेवा. दुपारीच करावं लागलं तर पात्रांना सावलीत घ्या आणि पांढरा थर्माकोल चेहऱ्याकडे तिरपा धरा. फोन तापला की आधी स्क्रीन मंद होतो, मग कॅमेराच बंद पडतो. कव्हर काढा, वर छत्री धरा, चार्जिंग लावून शूट करू नका. तापलेला फोन फ्रिजमध्ये तर कधीच ठेवू नका, आत दव धरतं.

ट्यूबलाइटखाली चित्रात पट्टे सरकत असतील तर फोन बिघडलेला नाही. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये शटर १/५० किंवा १/१०० सेकंद करा, पट्टे जातात.

बाकीचं थोडक्यात. लेन्स पुसा, रोज. चेहऱ्यावर बोट दाबून धरा आणि फोकस-एक्सपोजर लॉक करा, नाहीतर चित्र श्वास घेतल्यासारखं उजळ-मंद होतं. झूम करू नका, पुढे चालत जा. एका पात्रापासून दुसऱ्या पात्रापर्यंत मनात एक रेषा ओढा आणि कॅमेरा तिच्या एकाच बाजूला ठेवा. ‘ॲक्शन’च्या आधी आणि ‘कट’च्या नंतर पाच सेकंद रेकॉर्डिंग चालू ठेवा. ड्रोनचा हट्ट धरू नका: देवळालीला तोफखान्याचं लष्करी केंद्र आहे, नाशिकरोडला नोटांचा छापखाना आहे, आणि ड्रोनशिवाय तुमच्या गोष्टीचं काहीही अडत नाही.

फुटेज व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवलं की ते दाबून लहान होतं आणि गेलेली स्पष्टता परत येत नाही. केबलने कॉपी करा, दोन ठिकाणी ठेवा, आणि दोन्हीकडच्या फाइल उघडून पाहिल्याशिवाय फोनमधलं पुसू नका. १०८०पीचं एक मिनिट सुमारे १०० ते १५० एमबी घेतं, तेवढी जागा सकाळीच रिकामी करा.

फिल्म प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी एक्स्पोर्ट करा, प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी नको. पेन ड्राइव्ह घेऊन हॉलवर जा, तिथल्याच प्रोजेक्टरवर ती पूर्ण चालवा आणि पंखे चालू ठेवून शेवटच्या रांगेत बसा. आजीचं वाक्य तिथे ऐकू आलं नाही, तर ते दुरुस्त करायला अजून एक रात्र हातात आहे.