इंग्रजीतल्या 'डेट'चा अर्थ कसा लावावा

मजकुरात 'डेट' दिसला की 'तारीख' लिहून मोकळे होऊ नये. आधी तो नाम आहे की क्रियापद, हे पाहावे. क्रियापदाचे कर्म नाणे किंवा शिलालेख असेल, तर अर्थ 'काळ ठरवणे' असा होतो. कर्म माणूस असेल, तर प्रकरण भेटीगाठींचे असते, आणि हा अर्थ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकी बोलीत रुळलेल्या 'ठरवलेली भेट' या अर्थातून आला.

नाम असेल, तर शेजारचे शब्द तपासावेत. बी, पाक किंवा झाड आसपास असेल, तर तो खजूर समजावा. स्पेलिंग एकच असले तरी मुळे वेगळी आहेत: रोमन लोक पत्रावर ते कुठे व कोणत्या दिवशी 'दाता', म्हणजे 'दिले', हे नोंदवत आणि त्यातून तारखेचा 'डेट' आला; खजुराचा 'डेट' मात्र ग्रीक 'दाक्तुलोस', म्हणजे बोट, या शब्दापर्यंत जातो.

'टू डेट'साठी 'आजवर' आणि 'अप टू डेट'साठी 'अद्ययावत' लिहावे. 'ड्यू डेट' तेवढा जपून हाताळावा, कारण वीजबिलावर ती भरण्याची मुदत असते, तर गरोदर स्त्रीच्या कागदांवर बाळंतपणाची अपेक्षित तारीख.