पिकअपची चासी गंजलीय? आधी ठोकून बघा, रंगाचं नंतर

जुन्या पिकअपखाली डोकावलं आणि चासी तांबडी दिसली की पहिला विचार येतो तो काळ्या रंगाच्या डब्याचा. तो डबा सगळ्यात शेवटी लागतो. बाहेरून दिसणारा गंज बरेचदा वरवरचा असतो. चासी खाणारा गंज आत बसलेला असतो. पेटीसारख्या बंद चासीत चिखल आणि खारं पाणी शिरतं, तळाची निचऱ्याची भोकं बुजतात आणि ओला गाळ पत्र्याला चिकटून महिनोनमहिने बसून राहतो. उघड्या, पन्हळीसारख्या चासीत हेच काम दोन पत्रे एकमेकांवर रिव्हेट केलेल्या जागी होतं. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जागा लागते, म्हणून तो फटीत फुगतो आणि पाचर ठोकल्यासारखे दोन्ही पत्रे फाकवतो.

दरवेळी दोष मालकाच्या हेळसांडीचाच असतो असंही नाही. चासीला पुरेसं गंजरोधक संरक्षण दिलं नाही या दाव्यावर टोयोटानं अमेरिकेत 2016 मध्ये तडजोड केली. 2005 ते 2010 च्या टॅकोमा गाड्या त्यात होत्या, आणि चासी तपासून गरज पडल्यास बदलून देण्याचं कबूल झालं होतं. तुमच्या मॉडेलबद्दल कंपनीची अशी काही मोहीम झाली होती का, ते पाना हातात घेण्याआधी पाहा.

गाडी उचलण्याआधी

सपाट जमिनीवर गाडी उभी करून केबिन आणि हौदा यांच्यातली फट बाजूनं पाहा. फट वर अरुंद आणि खाली रुंद दिसत असेल तर चासी दोन एक्सलच्या मध्ये बसली असण्याची शक्यता आहे. दोन्ही बाजूंच्या फटी मोजून लिहून ठेवा.

मग चाकांना ओट लावा आणि गाडी उचला, पण घोड्या (जॅकस्टँड) एक्सलखाली ठेवा. चासीखाली जॅक लावू नका. पोखरलेल्या पत्र्याखाली जॅक चढवला तर जॅक वर येतो आणि गाडी जागेवरच राहते.

तळ प्रेशरनं धुवा. निचऱ्याची भोकं तारेनं मोकळी करा. त्यातून पाण्याबरोबर तांबड्या पापुद्र्यांचा ढीग पडू लागला तर तो आतल्या पत्र्याचाच चुरा आहे. वाळल्यावर त्याच भोकांतून मोबाइलला जोडता येणारा एंडोस्कोप कॅमेरा आत घाला. स्वस्तातला चालतो.

ठोकणं आणि टोचणं

अर्ध्या किलोची गोल तोंडाची हातोडी घ्या आणि दर चार-पाच सेंटिमीटरवर ठोकत जा. नुसतं टिचकी मारल्यासारखं नको, खिळा ठोकतो तेवढा जोर हवा. चांगला पत्रा ‘टण्ण’ वाजतो आणि हातोडी उसळते. सडका पत्रा ‘भद्द’ वाजतो, हातोडी तिथेच बसते आणि पापुद्रे गळतात. शंका आली तिथे टोच्यानं जोर देऊन पाहा. टोचा आरपार गेला तर वाईट वाटून घेऊ नका, भोक आधीपासूनच होतं.

या जागा सोडू नका: मागच्या पाट्यांचे (पाटा स्प्रिंगचे) हँगर आणि शॅकलचे, म्हणजे पाट्याच्या हलत्या टोकाच्या जोडाचे, कान, मागच्या एक्सलवरची कमान, डिझेल किंवा पेट्रोलच्या टाकीच्या वरची बाजू, आडव्या मेंबरचे सांधे, केबिन आणि हौद्याच्या रबरी गादीखालचे ब्रॅकेट, पुढे स्टीअरिंग बॉक्सची जागा. चासीच्या कडेनं जाणारे ब्रेकचे पाइपही क्लिपच्या आत बघा. चासी वाचवली आणि ब्रेकचा पाइप फुटला असं व्हायला नको. नवा पाइप टाकायचाच तर तांबे-निकेल मिश्रधातूचा टाका. तो सहज वाकतो आणि गंजत नाही.

नेमका आकडा हवा असेल तर अल्ट्रासोनिक जाडीमापक वापरा. हलक्या पिकअपच्या चासीचा पत्रा साधारण 3 ते 5 मिमी असतो, पण गाडीनुसार फरक पडतो. म्हणून आधी जिथे गंज नाही अशा जागी मोजा आणि तो आकडा प्रमाण धरा. जिथे मोजायचं तिथला गंज घासून पत्रा गुळगुळीत करा, नाहीतर यंत्र भलतंच वाचन दाखवतं.

कुठे थांबायचं

वरवरचा गंज आणि पापुद्रे असतील, हातोडी ‘टण्ण’ म्हणत असेल, तर साफसफाई आणि लेप एवढ्यात भागतं. एखाद-दुसरं भोक, आजूबाजूला ठणठणीत पत्रा, आणि जागा सस्पेन्शन-स्टीअरिंगच्या जोडापासून लांब असेल तर वेल्डिंगनं काम होतं. पाट्याचा हँगर जिथे बसतो तो भागच गेला असेल, दोन्ही बाजूंच्या तुळया (चासीच्या लांब बाजू) पोखरल्या असतील किंवा ती केबिनमागची फट बदललेली असेल, तर ठिगळं लावत बसू नका. सडक्या भागाच्या जागी जोडायचा तयार तुकडा किंवा दुसरी चासी शोधा, नाहीतर गाडी भंगारात द्या. चासीवर कुठे वेल्डिंग चालतं याचे तपासणीचे नियम ठिकाणानुसार बदलतात. ते आधी विचारा. जास्त ताकदीच्या पोलादाच्या चासी उष्णतेनं कमजोर होतात, त्यांच्यासाठी कंपनीच्या दुरुस्ती पुस्तिकेत लिहिलं तेवढंच करायचं.

हौदा काढून ठेवा

काम अर्धवट होण्याचं मोठं कारण म्हणजे हौदा जागेवर ठेवून खालून खाजवत बसणं. बहुतेक पिकअपचा हौदा 6 किंवा 8 बोल्टवर असतो. टाकीच्या तोंडाची नळी, मागच्या दिव्यांचा कनेक्टर आणि अर्थिंगची वायर सोडवली की चार माणसं तो उचलतात. बोल्टना दोन-तीन दिवस आधीपासून रोज गंज सोडवणारं तेल मारा. सोडवताना आधी किंचित आवळा, मग सोडा. एवढ्यानं गंजाची पकड तुटते. तरी मान तुटलीच तर बोल्ट कापून नवा टाका, त्याच ग्रेडचा.

गंज काढणं

आधी खरवडणी आणि छिन्नीनं पापुद्रे उडवा, मग ग्राइंडरवर पिळाच्या तारांचा कप ब्रश. तारा तुटून सुटतात, म्हणून चष्म्यावर फेसशील्डही हवं, आणि धुळीसाठी मास्क. इथे एक फसवी गोष्ट होते: ब्रश एकाच जागी दाबून धरला की गंज निघत नाही, त्याला पॉलिश होते. काळपट-तपकिरी चमक दिसते आणि काम झालंसं वाटतं. नख किंवा टोचा ओढून पाहा. लोखंड राखाडी आणि निस्तेज दिसलं तरच खरं. खड्ड्यांतला गंज ब्रशला सापडत नाही, तिथे सुयांचा स्केलर (सुयांनी ठोकून गंज उडवणारं यंत्र) किंवा सँडब्लास्टिंग लागतं.

खड्ड्यांत घट्ट चिकटलेला थोडा गंज राहतोच. त्यावर रस्ट कन्व्हर्टर लावा. त्यातलं फॉस्फोरिक किंवा टॅनिक अॅसिड गंजाचा काळा, स्थिर थर बनवतं. स्वच्छ लोखंडावर त्याला करायला काही नसतं, आणि सुट्या पापुद्र्यावर लावलं तर पापुद्र्यासकट गळून पडतं. दोन पातळ हात, डब्यावर लिहिलेला वेळ पाळून. मग दोन भागांचं इपॉक्सी प्रायमर आणि त्यावर चासीचा काळा रंग. जाड रबरी अंडरकोट टाळा. एक चीर पडली की पाणी त्याखाली शिरतं, बाहेर पडत नाही, आणि वरून सगळं छान काळं दिसत राहतं.

भोक असेल तर वेल्डिंग

बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. जवळची इंधन टाकी, पाइप, वायरिंग बाजूला करा. टाकी झाकून भागत नाही. कापण्याच्या जागेच्या दोन्ही बाजूंना, ठणठणीत पत्र्याखाली आधार द्या आणि चासीची कर्णमापं (कोपऱ्यापासून समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंतची मापं) लिहून घ्या. काम झाल्यावर तीच मापं यायला हवीत.

सडका भाग चकाकता पूर्ण जाडीचा पत्रा लागेपर्यंत कापा. गंजावरच पट्टी झाकली तर आतला गंज फुगत राहतो आणि पट्टी ढकलून देतो. पट्टी मूळ पत्र्याइतक्याच जाडीची, साध्या माइल्ड स्टीलची. ‘जाड म्हणजे मजबूत’ इथे चालत नाही: जाड पट्टी वाकत नाही, ताण तिच्या कडेला साचतो आणि पुढे तिथेच तडा जातो. कोपरे गोल करा आणि तुळईची उभी बाजू ओलांडणाऱ्या कडा तिरप्या ठेवा. तुळईच्या वरच्या-खालच्या ओठावर (फ्लँजवर) आडवा टाका घालू नका, तडा बहुधा तिथूनच सुरू होतो.

मिग वेल्डिंगच्या (यात तार यंत्रातून आपोआप पुढे येते) 0.8 मिमी तारेनं एका वेळी 25-30 मिमीचाच टाका घाला, मग समोरच्या बाजूला जा. एकाच दमात ओढलं तर चासी पिळते. गॅल्व्हनाइज्ड पट्टी असेल तर जस्त आधी घासून काढा, त्याच्या धुरानं ताप भरतो. अग्निशामक हाताशी ठेवा आणि काम संपल्यावर निदान अर्धा तास तिथून हलू नका.

आतून, आणि दरवर्षी

वेल्डिंगनं आतल्या बाजूचा लेपही जळतो, त्यामुळे आतली फवारणी वेल्डिंगनंतरच. मेण किंवा लॅनोलिनचा (लोकरीतल्या मेणाचा) कॅव्हिटी स्प्रे, म्हणजे पोकळ भागात मारायचा फवारा, आणि चहूबाजूंनी फवारणारी लांब नळी घ्या. नळी तुळईच्या टोकापर्यंत आत घाला आणि फवारत हळूहळू बाहेर ओढा. निचऱ्याच्या भोकांतून लेप ठिबकला म्हणजे तळापर्यंत पोचला. ठिबकणं थांबल्यावर भोकं तारेनं परत मोकळी करा. तीच बुजली तर पहिल्यापासून सुरुवात. बाहेरचा रंग टिकला तरी आतला लेप दरवर्षी, ओल्या आणि (बर्फाच्या प्रदेशात) मीठ टाकलेल्या रस्त्यांचा मोसम सुरू होण्याआधी, पुन्हा मारायचा आणि त्याच वेळी हातोडी एकदा फिरवायची.