पांढरा दगड दिसला की लगेच डायटोमाइट? या चुका टाळा

कोकणात किनाऱ्यावर पांढरट, हलका दगड सापडला की "डायटमचे जीवाश्म मिळाले" म्हणून फोटो टाकायची घाई करू नका (डायटम म्हणजे पाण्यातलं, नुसत्या डोळ्यांना न दिसणारं एकपेशीय शैवाल, त्याच्या कवचांचा साठून झालेला दगड म्हणजे डायटोमाइट), बहुतेक वेळा ते करल निघतं, म्हणजे वाळू आणि शिंपल्यांचा चुन्याने घट्ट झालेला थर. थोडी पूड करून त्यावर व्हिनेगर टाका, फसफसलं तर चुना. डायटमची कवचं सिलिकाची असतात, ती फसफसत नाहीत. पण फसफसलं नाही म्हणजे डायटोमाइटच असंही नाही हां, जांभ्याखालची पांढरी माती पण गप्पच बसते, आणि जिभेला दोन्ही चिकटतात, त्यामुळे चाटून काहीच कळत नाही (उगाच कशाला चाटायचं पण). पाणी घालून मळा, मातीचा चिकट गोळा होतो, डायटोमाइट पाणी नुसतं पिऊन घेतं, गोळा धड होत नाही.

मुळात आपल्याकडे खाली साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीवर पसरलेला लाव्हा आणि वर जांभा. डायटोमाइटला समुद्राचा किंवा तलावाचा असा तळ लागतो जिथे दीर्घकाळ डायटमचा सडा पडत राहील आणि नद्यांचा गाळ फारसा येणार नाही, आपली वाशिष्ठी दर पावसाळ्यात काय घेऊन येते ते बघताच. तसा दगड कॅलिफोर्नियात माँटेरे फॉर्मेशन नावाच्या खडकांच्या थरांमध्ये आहे, डेन्मार्कच्या फूर बेटावर पण आहे, तिथे तर मधूनमधून ज्वालामुखीच्या राखेचे काळे पट्टे दिसतात.

बाहेरून माँटेरेचा तुकडा मागवला आणि त्यात एकही डायटम दिसला नाही तर मायक्रोस्कोपला शिव्या देऊ नका. खोल गाडला जाऊन तापलेला भाग असेल तर कवचं विरघळून त्याचा कडक चर्ट, म्हणजे गारगोटीसारखा दगड झालेला असतो, त्यात शोधून काय मिळणार. मऊ, नखाने खरवडता येणारा तुकडा घ्या.

स्लाइडवर ग्लिसरीन घालणं ही अजून एक चूक, त्यात प्रकाश जवळपास कवचाइतकाच वाकतो म्हणून कवचं पुसल्यासारखी गायब होतात. पूड कोरडीच बघा, नाहीतर पाण्यात. फोल्डस्कोप (कागदाचा घडी घालून बनवायचा मायक्रोस्कोप) १४० पटच मोठं दाखवतो, त्यात मोठे गोल डायटम ओळखू येतील पण त्यांची बारीक भोकं नाही दिसणार, त्यासाठी ४०० पट तरी हवं.

आणि पाणी विहिरीचं किंवा खाडीचं अजिबात घेऊ नका, त्यात आजचे डायटम आधीच असतात, मग ते जीवाश्म म्हणून मोजले जातात. डिस्टिल्ड वॉटर घ्या, नुसत्या पाण्याची एक वेगळी स्लाइड आधी बघा, त्यात डायटम दिसले तर ते पाणी फेकून द्या आणि काचा नीट धुऊन परत सुरू करा.