नोकरी नुकतीच बदलली आहे आणि दोघांच्या नावे घरकर्ज काढायचंय?

बेळगावात उद्यमबागेतला जुना कारखाना सोडून जास्त पगारावर दुसरीकडे लागलं, की घराचा विषय निघतोच. पगार वाढला म्हणजे कर्जही वाढून मिळेल, असं वाटतं. बँक मात्र नवा पगार टिकणार का, हे आधी बघते. म्हणून जोडीने अर्ज करायचा असेल तर पहिल्यांदा शोधायचं ते एवढंच, की दोघांपैकी कुणाचं उत्पन्न बँक आज हिशेबात धरेल.

आकडे मांडून बघा. समजा नवऱ्याच्या हातात ४२,००० येतात, नोकरीला दोन महिने झालेत. बायको अनुदानित शाळेत सहा वर्षं शिक्षिका, तिचे ३१,०००. गाडीचा हप्ता ६,५००. हातात येणाऱ्या पगाराच्या साधारण निम्म्यापर्यंत सगळे हप्ते मिळून बसले पाहिजेत, असं बहुतेक बँका धरतात. दोघांचे ७३,०००, त्याचे निम्मे ३६,५००, गाडीचा हप्ता वजा केला की उरले ३०,०००. साडेआठ टक्के व्याज आणि २० वर्षांची मुदत धरली तर एका लाखाला महिना ८६८ रुपये पडतात, म्हणजे कर्ज साडेचौतीस लाखांच्या घरात. आता बँकेने नवऱ्याचा पगार अजिबात धरला नाही तर? ३१,००० चे निम्मे १५,५००, त्यातून गाडी गेली, उरले ९,०००. कर्ज जेमतेम सव्वादहा लाख. आधी गाडीचं कर्ज फेडून टाकलं तर हेच साडेसतरा लाखांच्या पुढे जातं. नव्या नोकरीवाल्याने अर्जाआधी छोटी कर्जं मिटवावीत ती यासाठी.

अर्ज कधी करावा? नव्या कंपनीच्या तीन पगारपावत्या हातात आल्यावर, आणि प्रोबेशन असेल तर कायम केल्याचं पत्र मिळाल्यावर. त्याआधी गेलात तर काही बँका ऐकतात, पण एकूण अनुभव दोन-तीन वर्षांचा आणि त्याच धंद्यातला लागतो. फौंड्रीतून (ओतकामाच्या कारखान्यातून) फौंड्रीत गेलेल्या माणसाला फारसं विचारत नाहीत. फौंड्रीतून विमा विकायला गेलेल्याला विचारतात. नव्या ठिकाणचा ओव्हरटाइम आणि इन्सेन्टिव्ह जमेला धरूच नका. त्याला मागचा इतिहास नसतो, त्यामुळे बँक ते कापते किंवा पार सोडून देते.

कागदांत नेमणूकपत्र, आधीच्या नोकरीचं रिलीव्हिंग लेटर, दोन वर्षांचे फॉर्म १६ आणि सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट हे ठरलेलं. अडतं ते पुढे. पीएफ खात्यावर जुन्या कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख भरलेली नसते आणि कागदोपत्री माणूस दोन ठिकाणी कामाला दिसतो. पीएफचा शेवटचा हप्ता जमा होऊन दोन महिने झाले की ही तारीख पीएफच्या पोर्टलवर स्वतः भरता येते, ती भरा. दुसरं, पगारपावतीवर एका कंपनीचं नाव आणि खात्यावर पैसे ठेकेदाराच्या नावाने, असं असेल तर कंपनीकडून तसं पत्र आधीच घेऊन ठेवा. पगार रोख असेल तर तो बँकेच्या दृष्टीने नसल्यातच जमा.

आपल्याकडची खास अडचण म्हणजे पिग्मी (रोज थोडी थोडी भरायची ठेव) आणि सोसायटी (पतसंस्था). घराच्या किमतीतले स्वतःचे भरायचे पैसे पिग्मीत साठलेले असतात. ते बंद करून बचत खात्यावर आणा आणि तिथे दिसू द्या. भिशीच्या रोख रकमेला पुरावाच नाही. आणि सोसायटीचं कर्ज सिबिलमध्ये (कर्जफेडीच्या नोंदीत) दिसत नाही म्हणून लपवायला जाऊ नका. त्याची कपात पगारपावतीवर नाहीतर स्टेटमेंटवर दिसते, आणि मग फाइल थेट बाजूला पडते. सिबिल स्कोअर दोघांचाही बघतात. ७५० च्या पुढे असला तर बरं. एकाचा खराब असेल तर दुसऱ्याचा चांगला असून भागत नाही, कारण पूर्ण कर्जाला दोघंही जबाबदार असतात.

घरावर ज्यांचं नाव येणार त्या सगळ्यांना कर्जात यावं लागतं. वडिलांना घेतलं तर उत्पन्न वाढतं, पण त्यांच्या वयामुळे मुदत आखडते आणि हप्ता फुगतो. शक्यतो नवरा-बायकोच बरे.

मग नावं. आधारवर एक स्पेलिंग, खात्यावर कानडीतून उतरलेलं दुसरं, बायकोच्या पॅनवर माहेरचं आडनाव. बँकेचा वकील हे सोडत नाही. एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवा.

मिळकतीबाबत एवढं पक्कं ठरवा: ई-खाता (मिळकतीचा संगणकीय उतारा) निघालेला नसेल तर पुढे जाऊ नका. शहरात सिटी सर्व्हेचा उतारा, बुडाची (बेळगाव नगरविकास प्राधिकरणाची) मंजुरी आणि नोंदणी खात्याच्या कावेरी पोर्टलवरून बोजा नसल्याचा दाखला बघा. हिंडलगा, कंग्राळी बाजूला पंचायतीच्या हद्दीतली जागा असेल तर फॉर्म ९ आणि ११-ए हे पंचायतीचे उतारे मागा. ११-बी असेल तर जागा नियमात बसलेली नाही असं समजा, बँका सहसा हात लावत नाहीत.

पैशाचा हिशेबही आधीच करा. ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला बँक किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते, त्यापुढे ७५ लाखांपर्यंत ८० टक्के. म्हणजे ४० लाखांच्या घराला घरचे ८ लाख. त्यावर मुद्रांक शुल्क ५ टक्के, त्यावरचे उपकर आणि नोंदणी शुल्क २ टक्के मिळून आणखी सुमारे ३ लाख, आणि हे कर्जात बसत नाहीत. महाराष्ट्रात फक्त बाईच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. चंदगडच्या पाहुण्यांनी सांगितली म्हणून तिच्यावर विसंबू नका, ती कर्नाटकात नाही.

संचकार (इसारा) देताना पत्रात एक ओळ घालून घ्या: कर्ज नामंजूर झालं तर इसाऱ्याची रक्कम परत. मालक कुरकुर करेल, पण नव्या नोकरीच्या माणसाने ही ओळ सोडू नये.

अर्ज एकदम चार बँकांत टाकू नका, प्रत्येक चौकशी सिबिलवर उमटते. एकीने नाकारलं तर कारण विचारा. ते 'नोकरीचा काळ कमी' असेल तर तीन-चार महिन्यांनी त्याच शाखेत पुन्हा जाता येतं. मंजुरीपत्र हातात पडल्यावर रक्कम उचलेपर्यंत मात्र नोकरी बदलू नका आणि हप्त्यावर मोबाईलसुद्धा घेऊ नका. पैसे सोडायच्या आदल्या दिवशीही बँक कंपनीत फोन करू शकते.